तेवीस टोल

शिंप्याच्या तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळं रूबेन लेबसाक मेल्याची बातमी खुद्द रूबेन लेबसाकला जरा बोबडीच ऐकू आली. तो एका बुटक्या चौरंगावर उभा होता. समोर तीन आरसे. अंगात नवी काळी विजार, तिचा उजवा पाय टाचून झालेला, डावा अजून जमिनीवर लोळणारा. डेन्व्हर शहरात, मुलीच्या घरापासून दोन चौकांवर असलेल्या या दुकानात तो आला होता तो फक्त विजारीची उंची कमी करून घ्यायला. शनिवारी मुलीचं, जॉइसचं, लग्न होतं. बावन्न वर्षांच्या शेतकऱ्याला लेकीच्या लग्नात नवा सूट लागतोच असं काही नाही, पण त्याच्या बायकोनं, पॉलिनानं, लागतो असं ठरवलं होतं, म्हणजे लागत होता. शिंपी त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असावा. टक्कल पडलेलं, बोटं मात्र बाईसारखी निमुळती. पावतीवर घालायला म्हणून त्यानं नाव विचारलं, रूबेननं आडनाव सांगितलं आणि शिंप्याचा खडू विजारीच्या काठावर थांबला.

“लेबसाक? नेब्रास्कातले? प्लॅट नदीकाठचे, बीटवाले?”

“हो. का?”

“तिथं कालव्याच्या पलीकडं कोनराड लेबसाक म्हणून होते एक. मोठ्या मिशांचे.”

“माझे वडील.”

शिंप्यानं मान वर केली. “मग तुम्ही धाकटे. कमाल आहे, म्हातारा कधी बोलला नाही अजून एक मुलगा आहे म्हणून.”

“अजून एक नाही. मी एकुलता एक.”

“नाही हो,” शिंपी हसून म्हणाला, समजूत घालावी तसा. “एकुलता होता तो लढाईत गेला. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात, बेल्जियमकडच्या आर्डेनच्या जंगलात. मी त्याचा कोट घालून, त्याच्या खुर्चीत बसून जेवलोय. जानेवारीत चर्चमध्ये तेवीस टोल पडले त्याच्या नावानं. मोजलेत मी.”

   आरशात तीन रूबेन होते. तिघांचीही विजार अर्धी टाचलेली, तिघांचेही कान उन्हानं सोललेले, आणि तिघांपैकी एकही मेलेला दिसत नव्हता. तो मूर्खासारखा तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिला, जणू कुणीतरी एकानं पुढं येऊन खुलासा करायचा होता. शिंप्याचं हसू मावळलं. त्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. मग तो उठून उभा राहिला. आता दोघांचे चेहरे जवळजवळ एका पातळीवर आले. “देवा,” तो म्हणाला, आणि तेही इंग्रजीत नाही, तर रूबेनच्या घरात बोलायचे त्या जुन्या, शेणामातीच्या जर्मनमध्ये. “तुम्ही तेच आहात.”

त्याचं नाव एवाल्ड ब्रुक. जर्मन सैन्यातला युद्धकैदी म्हणून पकडून आणला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. नेब्रास्कात कैद्यांची छावणी होती, तिथून ट्रकमध्ये घालून त्यांना शेताशेतांवर पोचवायचे. बीट उपटायला, बीटाचे शेंडे छाटायला, हिवाळ्यात गुरांना वैरण टाकायला. पंचेचाळीसच्या मार्चमध्ये त्याची छावणी बदलली, दक्षिणेला कुठंतरी कापसावर धाडला. लढाई संपल्यावर मायदेशी गेला, तिथं खायला नव्हतं, चार वर्षांनी परत आला, आणि आता हे दुकान. हे सगळं तो भराभरा, हात चोळत सांगत होता. जिवंत माणसाला मेलेला म्हटल्यावर आपला सगळा हिशोब देऊन टाकावा असं वाटलं असेल बिचाऱ्याला. रूबेनला त्यातलं काही ऐकू येत होतं, काही नाही. “तुमच्या वडिलांनी मला सगळ्यांतून निवडलं,” शिंपी म्हणत होता. “माझी उंची तुमच्याइतकी होती म्हणून. पहारेकऱ्याला त्यांनी सॉसेज आणि घरची दारू दिली, तो चुलीजवळ घोरत पडला. तुमच्या आईनं कोबी भरलेले पाव केले होते. मी सात खाल्ले. लाज वाटते आता, पण सात खाल्ले. मग मी त्यांना विचारलं, आजोबा, तुमचा मुलगा ज्यांनी मारला त्यांतलाच मी, मला का बसवता? तर म्हणाले, तुझ्या आईला तुझी खबर आहे का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग जेव.”

रीत रूबेनला चांगली ठाऊक होती. रशियातल्या व्होल्गा नदीच्या काठी वसलेल्या जर्मन खेड्यांतनं त्याच्या आईबापांची पिढी अमेरिकेत आली तेव्हा पेटाऱ्यांतून काय काय घेऊन आली, त्यातलीच ही एक. गावात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजवायची, जितकी वर्षं तितके टोल. आणि मेलेला परमुलखात गेला असेल, पुरायला देह नसेल, तर त्याचे कपडे त्याच्याच अंगलटीच्या एखाद्या परक्या माणसाला घालायचे, त्याला मेलेल्याच्या खुर्चीत बसवून पोटभर जेवू घालायचं आणि त्याच कपड्यांत वाटेला लावायचं. म्हणजे गेलेला कपडे शोधत परत येत नाही. गावात परका कुठला असायला, सगळेच एकमेकांचे मावस-चुलत भाऊ. परके म्हणजे ट्रकमधून येणारे कैदीच. हे सगळं रूबेनला ठाऊक होतं, लहानपणी एकदा एका फेरीवाल्याला असं जेवताना त्यानं दाराआडून पाहिलंही होतं. आणि तरीही पंचेचाळीसच्या जुलैमध्ये तो घरी आला, माडीवरच्या खोलीत गेला, पेटी उघडली आणि पेटी रिकामी दिसली, तेव्हा ही गोष्ट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. कशी शिवेल? आपले कपडे कुणाला दिले म्हणजे आपण मेलो, असं कुठल्या जिवंत माणसाच्या डोक्यात येईल?

“विजार तरी बदला,” शिंपी मागनं ओरडला, पण तोवर रूबेन रस्त्यावर आला होता. सप्टेंबरचं स्वच्छ ऊन होतं. पोटरीला टाचण्या लागत होत्या, डाव्या पायाचा काठ बुटाखाली येत होता, आणि तो चालत होता. मुलीच्या घराकडं नाही, उलट्या दिशेनं. एका बाईनं त्याच्या पायांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. सिग्नलला तो थांबला, दिवा हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. मी मेलो होतो, असं त्यानं मनात म्हणून पाहिलं. काही झालं नाही. मी जानेवारीत मेलो होतो आणि मला सांगितलं नाही. हे म्हटल्यावर मात्र त्याला एका दुकानाच्या भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. जानेवारीत तो कुठं होता? जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या एका छावणीत, लाकडी फळीवर, दोन माणसांच्या मधे, पायाची बोटं गारठून काळी पडलेली. त्या छावणीत त्यांना बीटाचं पाणी मिळायचं, साखरेच्या नव्हे, गुरांच्या बीटाचं, आणि सगळ्या बराकीत ते बीट कच्चं आहे की सडकं हे वासावरनं सांगणारा तो एकटा होता. त्याचं वजन लहान पोराइतकं झालं होतं. आणि तो जगला होता कशावर? एका ताटावर. रोज अंधार पडायच्या आत तो डोळे मिटून घरचं टेबल बघायचा. बाप या टोकाला, आई चुलीकडच्या बाजूला, आणि खिडकीकडं त्याची रिकामी खुर्ची, समोर आईनं मांडून ठेवलेलं निळ्या काठाचं ताट. आई ताट मांडणारच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ते ताट रिकामं आहे, आपल्यासाठी रिकामं आहे, एवढ्यावर त्यानं चार महिने काढले. आणि त्या ताटात एवाल्ड ब्रुक सात पाव खाऊन गेला होता.

म्हणजे मग ते सगळं वेगळंच होतं, रूबेन चालता चालता स्वतःशी म्हणाला, आणि मधेच थांबला. कारण त्या रिकाम्या पेटीवर त्यानं आपलं अर्धं आयुष्य उभं केलं होतं. “माझे कपडे?” त्यानं तेव्हा खाली येऊन विचारलं होतं. बाप दारात उभा होता, पाठमोरा. “दिले.” “कुणाला?” “कैद्यांना. थंडी होती.” एवढंच. मी त्यांच्या मुलखात गारठून मरत होतो आणि इथं माझा बाप माझे कपडे त्यांना घालत होता! त्याचा नक्षीदार गळ्याचा सदरा, चर्चमधल्या दीक्षेच्या वेळचा कोट, आजोबांचा व्होल्गाकाठचा कमरपट्टा, सगळं. गावात सगळ्यांच्याच मनात जर्मनांबद्दल एक हळवा कोपरा होता, आपल्याच रक्ताची पोरं म्हणून कैद्यांना चोरून लोणी-पाव द्यायचे, हे त्याला माहीत होतं. पण आपल्या घरात? त्या दिवशी तो बापाला म्हणाला होता, “बरं झालं. तुम्हाला पाहिजे तसला मुलगा मिळाला तुम्हाला.” बाप वळला नाही. आणि मग रूबेननं एक गोष्ट केली, अगदी ठरवून. लष्करातनं आणलेले खाकी सदरे तो शेतात घालायला लागला. नवे कपडे आईनं शिवले ते त्यानं हात न लावता परत पेटीत ठेवले. खाकी विटली, बाह्या फाटल्या, ठिगळं लागली, तरी तीच. रोज सकाळी बापासमोर ती खाकी. दोघं शेजारच्या ओळीत वाकून, आखूड दांड्याच्या कुदळीनं बीटाची रोपं विरळ करायचे, मैल मैल, आणि त्यांच्यात शब्द नसायचा. पाणी पुढं करायचं ते सुद्धा जमिनीवर ठेवून. त्याला “बाबा” म्हणणं रूबेननं त्या जुलैपासून बंद केलं होतं. हाक मारायची वेळ आलीच तर खाकरायचा.

आणि बाप त्याच्याकडं कधी सरळ बघत नसे. ते तर रूबेनला सगळ्यांत झोंबायचं. अपराधी आहे, म्हणून बघत नाही, असा त्याचा निकाल लागलेला होता. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये तो आत शिरला तेव्हा गाणं मधेच तुटलं होतं, बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला, एक म्हातारी बाकावरनं हात लांबवून त्याच्या बाहीला शिवली आणि लगेच हात मागं घेतला. त्याला वाटलं, मी जर्मनांवर गोळ्या झाडून आलो हे यांना पचत नाही. तोही मग ताठ बसला. वर्षानुवर्षं ताठ बसला. आणि आई! घरी आला त्या दिवशी आईनं त्याला कवटाळलं नव्हतं. ती आधी लांब उभी राहिली होती, मग जवळ येऊन तिनं त्याचे कान चाचपले होते, दोन्ही कान, मग हनुवटी, मग पुन्हा कान, बाजारात कोकरू घेताना बघतात तसे. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तो तेव्हा म्हणाला होता. आता डेन्व्हरच्या फुटपाथवर, भर दुपारी, त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला. कान गरम होता.

पण इतकी घाई का केली? हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याचं उत्तरही त्याला ठाऊक होतं, तेच तर वाईट होतं. लष्कराकडनं घरी आलेल्या तारेत “बेपत्ता” लिहिलं होतं. ती तार त्यानं पुढं कधीतरी बायबलमध्ये पाहिली होती. दुसऱ्या कुठल्याही बापानं, पलीकडच्या स्वीडिश शेतकऱ्यानं, गावातल्या आयरिश दुकानदारानं, ती तार वाचून आशा धरली असती. पण कोनराड लेबसाकचा एक भाऊ आणि दोन बहिणी व्होल्गाकाठीच राहिल्या होत्या. त्यांची पत्रं यायची, आधी दुष्काळाची, मग जप्तीची, आणि मग एकतीस साली पत्रं बंद झाली. भाऊ बेपत्ता. बहिणी बेपत्ता. पुढं अख्खं खेडं बेपत्ता. गावातल्या प्रत्येक घराला असे बेपत्ता होते आणि त्यातला एकही परत आलेला नव्हता. गावात एक श्वाबाउर म्हातारी होती, ती बहिणीसाठी अकरा वर्षं रोज ताट मांडत राहिली, दार वाजलं की धावत राहिली, शेवटी कुत्रं भुंकलं तरी केस नीट करायची. पोरं तिला हसायची. तिच्या दारावरून जाताना बाप नेहमी मान खाली घालायचा. तेव्हा त्या माणसाला “बेपत्ता” म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं बायकोला ताट मांडू दिलं नाही, एवढंच. तिची श्वाबाउर म्हातारी होऊ दिली नाही. उठला, पास्टरकडं गेला आणि घंटा सांगून आला.

रूबेन परत फिरला. मुलीच्या स्वयंपाकघरात पॉलिना एकटीच होती. जॉइस फुलांचं बघायला गेली होती. टेबलावर पीठ पसरलेलं, तळायच्या पुऱ्यांसाठी कणकेच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या, त्यांना मधे चीर देऊन पॉलिना टोक आत ओवत होती. लग्नाला या गोड पुऱ्या हव्यातच, डेन्व्हरमधल्या पाहुण्यांना आवडोत न आवडोत, असा तिचा हट्ट होता. तिनं आधी त्याच्या पायांकडं पाहिलं.

“अरे, हे काय? टाचण्या लावूनच आलास? आणि जुनी विजार कुठाय?”

“पॉलिना, माझी घंटा वाजली तेव्हा तू कुठं होतीस?”

तिनं हातातली पट्टी ओवून पूर्ण केली. ती ताटात ठेवली. मग हात एप्रनला पुसले, नीट, एकेक बोट.

“अंगणात,” ती म्हणाली. “दोरीवरचे कपडे काढत होते. गोठून फळ्यांसारखे झाले होते. विसाच्या पुढं टोल गेले तेव्हा म्हटलं, चला, म्हातारं कुणीतरी. मग तेविसावर थांबले.”

“आणि सव्वीस वर्षं माझ्या शेजारी झोपतेयस.”

“झोपतेय तर.”

“एकदा सांगावंसं नाही वाटलं?”

“वाटलं ना. रोज वाटायचं. तू बापासमोर पाण्याचा डबा जमिनीवर ठेवायचास तेव्हा तर वाटायचं तुझ्या टाळक्यातच घालावा तो डबा आणि सांगावं.” तिचा आवाज चढला. “पण तुला माहीत नाही का आपल्याकडं काय म्हणतात? ज्याची घंटा वाजली त्याला ते कळलं, की ती त्याच्या मागं लागते. तू जिवंत असल्याची तार आली त्या दिवशी सासरे घरोघर गेले. टोपी हातात घेऊन. आमच्याकडं आले तेव्हा माझा बाप दाढी करत होता, तशा अर्ध्या साबणानं दारात आला. सासरे म्हणाले, मी पोराला घाईनं पुरलंय. त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. पोरांनाही बजावा. मी स्वतः ऐकलंय, रूबेन. हे असे रडत होते.”

“भाकडकथा आहेत असल्या.”

“असतील. कुणाची छाती होती करून बघायची? तुझी असती?”

रूबेन खुर्चीवर बसला. टाचणी पोटरीत शिरली, तशीच राहू दिली. त्याला राग यायला हवा होता, आणि तो रागाची वाट बघत होता, कारण राग त्याच्या ओळखीचा होता, अठ्ठावीस वर्षं घरात वावरलेला. पण तो येईना. “तोंडानं सांगता येत नव्हतं तर निदान माझ्याकडं बघायचं तरी,” तो म्हणाला. “एकदा तरी.”

“कसे बघतील? त्यांना वाटायचं, त्यांची नजर लागेल. मेलेला म्हणून ज्या पोराला एकदा पाहिलं, त्याला पुन्हा डोळे भरून बघायची हिंमत नव्हती त्यांच्यात.” मग ती समोर बसली. थोडा वेळ पिठात बोटानं रेघा ओढत राहिली. “आणि त्यांची घंटा? सासऱ्यांची? ती वाजली नाही, ते का, हे तू कधी विचारलंस?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. नाही, विचारलं नव्हतं. सत्तावन्न सालचा मे महिना. बाप पहाटे गोठ्यात पडला, दुपारपर्यंत गेला. पेरणी चालू होती. रूबेन अंगणात पेरणीयंत्राखाली उताणा पडून साखळी बसवत होता, कारण यंत्र नेमकं त्याच दिवशी मोडलं होतं, किंवा मोडलं नव्हतं आणि तो उगीच खोलून बसला होता, हे आता त्याला सांगता येणार नाही. पास्टर आले. त्यांचे काळे बूट त्याला यंत्राखालून दिसत होते. “रूबेन,” ते म्हणाले होते, “तुझ्या वडिलांनी मला कधीच सांगून ठेवलंय, की माझ्यासाठी घंटा वाजवू नका. पण मुलगा तू आहेस. तू म्हणालास तर मी वाजवीन.” बूट तिथंच थांबले होते. बराच वेळ थांबले होते, हे आता आठवलं. आणि त्यानं साखळीवरची नजर न काढता म्हटलं होतं, “नको म्हणाले ना? मग नको. त्यांचं त्यांना.” बूट आणखी थोडे थांबले आणि गेले. साठ घरांच्या त्या गावात बिनाघंटेचा पुरला गेलेला तो एकच माणूस. तेव्हा रूबेनला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा शेवटचा हेकटपणा.

“त्यांनी पास्टरना सांगितलं होतं,” पॉलिना म्हणाली, “माझी घंटा मी पोराच्या नावावर आधीच वाजवून घेतली. ती माझी समजा, त्याची पुसून टाका. देवाकडं अदलाबदल होत असेल तर एवढी करा.”

फोन भिंतीवर होता. रूबेननं गावचा नंबर फिरवला तेव्हा त्याचं बोट दोनदा चुकलं. आई एक्याऐंशीची होती, अजून एकटी राहायची, शुक्रवारी आपल्या भाच्याबरोबर लग्नाला येणार होती. फोन उचलला की ती ओरडायची, डेन्व्हर लांब आहे म्हणून.

“कोण? रूबेन? अरे गाडी किती वाजता आहे ते सांगितलंय मला पॉलिनानं! मी पुऱ्यांचं पीठ आणतेय!”

“आई, बाबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते?”

बाबा. अठ्ठावीस वर्षांनी तो शब्द तोंडातनं गेला.  मग आई, ओरडणं सोडून, जवळ बसल्यासारखी म्हणाली, “कोण बोललं?”

“असंच एकजण.”

“कोण बोललं ते सांग. तू बरा आहेस ना? उभा आहेस का बसलायस? पॉलिना आहे का जवळ?”

“बरा आहे मी. आई, काही होत नाही असल्यानं. सांग, किती वर्षांचे?”

“एकोणसत्तर पुरी व्हायला नऊ दिवस कमी होते.” ती धापा टाकत होती. “मी खिडकीत होते रे. पास्टर तुझ्याशी बोलत होते तेव्हा. तू यंत्राखाली होतास, तुझे नुसते पाय दिसत होते मला. मला वाटलं, आता म्हणेल पोरगा, वाजवा. आता म्हणेल. मी हात जोडून उभी होते.”

“मग तू का नाही सांगितलंस मला?”

“मी सांगून काय उपयोग? ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे होतं.”

पॉलिनानं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पिठाचा. काळ्या विजारीवर पांढरं पीठ सांडलं. रूबेननं भिंतीला कपाळ लावलं. त्याला रडू येत होतं आणि बावन्न वर्षांच्या माणसाला रडायचं कसं हे ठाऊक नसल्यामुळं ते खोकल्यासारखं बाहेर येत होतं. “आई,” तो म्हणाला, “मी सोमवारी परत आलो की पास्टरकडं जातो. नवीन पास्टर आहेत, पण मी त्यांना सगळं सांगतो. आता वाजवू म्हणतो. सोळा वर्षं झाली तर झाली. अडुसष्ट टोल. मी स्वतः दोर ओढतो.”

“कुठली घंटा, बाळा?” आई म्हणाली. “जुनं चर्च पाडलं तेव्हा तूच नाही का ट्रॅक्टर लावून खाली ओढलीस ती? भंगारवाला घेऊन गेला. आता टेप आहे, खांबावर भोंगा लावलेला.”

“मग टेप लावू दे.”

“टेपवर मोजता येत नाही रे. ती एकदा लावली की आपली वाजतच राहते.”